पळसाला पानं किती?

जानेवारी सरत आला की आमच्याकडचे पोट्टे शाळा सुटल्यावर घरी किती वाजता पोचतील, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. अंतर म्हणाल तर फार तर अर्धा कोस. पण वाटेत बोरी लागते. मग हरभरा लागतो. सकाळी अंगात घातलेला स्वेटर दुपारी कमरेला बांधलेला असतो आणि संध्याकाळी त्याच्या बाह्यांना गाठी मारून त्यात बोरं भरलेली असतात. आईला स्वेटर धुवायचा की फेकायचा, एवढाच प्रश्न उरतो.

वाशीम जिल्ह्यातलं शिवार या दिवसांत पोरांसाठीच मोकळं झाल्यासारखं असतं. सोयाबीन दिवाळीच्या आसपासच निघालेलं असतं, तुरी कापून झालेल्या असतात, गहू ओंबीवर आणि हरभरा घाट्यावर आलेला असतो. हरभऱ्याचं एक बरं आहे, त्याचा धडा शिकवावा लागत नाही. त्याच्या पानांवरच्या बारीक लवेतून आंबट पाणी पाझरतं, त्याला आंब म्हणतात. त्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं हे पोरांना कधीतरी कॉलेजात कळेल किंवा कळणारही नाही. पण सकाळी अनवाणी वावरातून गेलं की पाय चुरचुरतात आणि बोट चाटलं की तोंड वाकडं होतं, हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या आज्या पहाटे रोपांवर धुतलेलं फडकं पसरून ही आंब टिपायच्या, पिळून बाटलीत भरायच्या आणि कुणाचं पोट दुखलं की चमचाभर पाजायच्या. पोट थांबायचं की चवीच्या धाकानं पोरगं तक्रार थांबवायचं, याचा तपास कुणी केला नाही.

हे सगळं बिनबोभाट चाललेलं असताना मोठ्या माणसांना निसर्ग-शिक्षणाची आठवण झाली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना द्यायला सांगितले आणि २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारनं पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ काढला. कल्पना उत्तमच आहे. फक्त आनंद म्हटला की आपल्याकडे त्याचं आधी नियोजन होतं, मग फोटो निघतो आणि वेळ उरला तर तो होतो.

अशाच एका शनिवारी एका शाळेची वरात बांधावरून चाललेली पाहिली. गुरुजी माणूस भला, हौशी. पण निघतानाच त्यांनी सूचना दिल्या होत्या: रांग सोडायची नाही, काही तोडायचं नाही, काही उचलायचं नाही, वावरात शिरायचं नाही. एवढं वगळल्यावर जो निसर्ग शिल्लक राहिला, तो पोरं गुमान पाहत होती. पळसापाशी गुरुजी थांबले आणि आवाज चढवून म्हणाले, “कुठंही जा, पळसाला पानं तीनच!” मागून एका पोराचा आवाज आला, “सर, याले तं एकबी नाही.”

पोरगं खरं बोलत होतं. फुलायच्या दिवसांत पळस पानं टाकून बसतो. उघड्या फांद्यांवर काळ्या मखमली कळ्या आणि त्यांतून फुटलेला केशरी रंग, बस. गुरुजींनी वर पाहिलं, हसले आणि म्हणाले, “पावसाळ्यात येऊन मोजू.” मला ते उत्तर आवडलं. तिथून पुढं रांग मोडली आणि शनिवार सुरू झाला.

दोघं जण झाडाखालच्या भुसभुशीत मातीत पालथे पडले. तिथं नरसाळ्याच्या आकाराचे इवले खड्डे होते. एकानं काडीनं मुंगी आत ढकलली. ती चढू लागली तशी तळातून तिच्यावर मातीचे कण उडू लागले, मुंगी घसरली आणि दिसेनाशी झाली. मग त्यांनी फुंकर मारमारून तो शिकारी किडा उकरून काढला आणि तळहातावर ठेवला. तो उलटा चालत होता. पाठीमागेच चालतो तो. हा शोध सगळ्या वर्गाला दाखवून होईपर्यंत बिचाऱ्या फोटोची वेळ टळली.

कारंजा तालुक्यातल्या सोहोळच्या काळवीट अभयारण्यात सहल गेली तर गंमत और होते. अठरा चौरस किलोमीटरच्या आसपासचं ते माळरान. लांबवर कळप दिसला की गुरुजी हलक्या आवाजात “श्शू” म्हणतात आणि कुणीतरी शेतकऱ्याचं पोरगं विचारतं, “हे तं आमच्या हरभऱ्यात रोज येते, पाहाले इतक्या दूर कायले आलो?” त्याचा बाप रात्री जागलीला जातो. काळविटाच्या सवयींवर बोलायचं तर गुरुजींनी खाली बसावं आणि त्या पोराला उभं करावं.

बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी हेच ओळखलं होतं. कोसबाडची आदिवासी पोरं गुरं राखायला जायची म्हणून शाळेत येत नव्हती. तेव्हा या बायांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. पोरांना निसर्गाकडे न्यायचा तिथं प्रश्नच नव्हता, ती आधीच पोचलेली होती. उशिरा पोचली ती शाळा.

गावातल्या पोरांना आणखीही कामं असतात. होळीसाठी शेणाच्या चाकोल्या थापायच्या, मधोमध भोक पाडून वाळवायच्या, कुणाची माळ लांब यावरून भांडायचं. हात शेणानं भरलेले असले की मोबाइलही कुणी मागत नाही, हा त्यातला जास्तीचा फायदा.

तेव्हा गुरुजीहो, पोरांना न्यायचं तर आत्ताच न्या. थंडी महाशिवरात्रीला शिव शिव म्हणत जाते, बोरंही तोवरच. मग शाळा सकाळची होते आणि अकरानंतर आपल्या शिवारात उभं राहवत नाही. शेतमालकाला तेवढं आधी विचारा. बहुतेक तो म्हणेल, “न्या जी, खाऊ द्या पोट्ट्यायले.”