टूल सेंटरला घ्या, मग लेखणी

बदलापूर लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवून प्रेमकविता लिहिता येते, तांत्रिक पुस्तक लिहिता येत नाही. कविता थोडी हलली तर रसिक तिला नवकविता म्हणतात. लेथच्या हेडस्टॉकची आकृती हलली तर तो मिक्सर दिसतो. तेव्हा ज्यांना आपल्या अनुभवाचं पुस्तक काढायचं आहे, त्यांनी आधी घरात एक न डुगडुगणारं टेबल मिळवावं. कुळगावातल्या वन बीएचकेत हे काम प्रकाशक मिळवण्याहून अवघड, कारण त्या टेबलावर इस्त्रीचे कपडे पूर्वीपासून वास्तव्याला असतात.

आमच्या पट्ट्यात होतकरू लेखकांना तोटा नाही. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी, शेजारी मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, वर एमआयडीसी. निवृत्तीच्या दिवशी प्रत्येकाला एक शाल, एक श्रीफळ आणि ‘आता अनुभव लिहून काढा’ असा सल्ला मिळतो. शाल कपाटात जाते, श्रीफळ चटणीत जातं, सल्ला थेट डोक्यात जातो.

लिहायला हवंच, हे मात्र खरं. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, हे साल आहे. शिलाहार राजा मामवाणीचं नाव आहे, त्याच्या अधिकाऱ्यांची नावं आहेत. एवढं कोरीव काम कुठल्या छिन्नीनं, कसा हात धरून केलं, याबद्दल चकार शब्द नाही. तांत्रिक पुस्तकांतला ऋणनिर्देश आजही याच पद्धतीनं लिहितात. संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव सगळे हजर. ज्यानं मशीन चालवून दाखवलं तो गैरहजर.

माझ्या लेथवरच्या पुस्तकाच्या हस्तलिखितात ‘टूलचं टोक जॉबच्या मध्यरेषेशी समपातळीत आणणे’ यावर अडीच पानं होती. आकृती होती, समीकरण होतं, टूल वर-खाली झालं तर रेक अँगल कसा बदलतो याचा तक्ता होता. मी ती पानं शॉपमधल्या सेटरला वाचायला दिली. त्यानं हात पुसले, पण ते पुसण्यापुरतेच पुसले गेले. तक्त्यावर अंगठा उमटला. मग तो म्हणाला, “काका, झकास लिहिलंय. पण पट्टी कुठाय?”

“कसली पट्टी?”

त्यानं खिशातली सहा इंची स्टीलची पट्टी काढली, बंद मशीनवर टूलचं टोक आणि गोल जॉब यांच्यामध्ये हलकेच धरली. पट्टी वरच्या बाजूनं आमच्याकडे झुकली. “टूल खाली आहे,” तो म्हणाला. त्यानं टूलखाली एक पत्र्याचं पॅकिंग सरकवलं. पट्टी जॉबकडे झुकली. “आता वर गेलं.” पातळ पॅकिंग घातलं आणि पट्टी शाळेतल्या हुशार मुलासारखी ताठ उभी राहिली. “आलं सेंटरला. आता तुमची अडीच पानं वाचतो.”

पुस्तकात पट्टी आधी आली, समीकरण तिच्या मागे रांगेत उभं राहिलं.

मराठीतलं आदर्श तांत्रिक पुस्तक कोणतं, असं मला विचाराल तर मी कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’चं नाव घेईन. १९७० साली आलं, अजून घराघरात आहे. बाईंनी मापं दिली ती वाटी-चमच्याची, म्हणजे वाचणारीच्या हाताशी असलेली. आमचे अभियंते बंधू मात्र वाचकाकडे प्रयोगशाळा आहे असं धरून चालतात. त्याच्याकडे बहुतेक वेळा एक पाना असतो, तोही शेजाऱ्याचा.

लिहून झालं की मुद्रितशोधन. कादंबरीत नायिकेचे डोळे काळ्याचे निळे झाले तरी प्रेम टिकतं. इथे ०.५ मिलिमीटरच्या कटमधलं दशांशचिन्ह गळलं की ५ मिलिमीटरचा कट, आणि टूलचा तुकडा कानाजवळून जातो. आमच्या मुद्रितशोधकांचं व्याकरण चोख. ऱ्हस्व-दीर्घ सगळं नीट करून त्यांनी ते टिंब काढून टाकलं. विचारलं तर म्हणाले, “शाईचा डाग वाटला हो.”

प्रकाशक पुस्तक उघडण्याआधी एकच विचारतो: “कुठल्या स्कीमला आहे?” तंत्रशिक्षण मंडळाचा पदविका अभ्यासक्रम ठरावीक वर्षांनी बदलतो. आय स्कीम गेली, के स्कीम आली, आणि आय स्कीमच्या गठ्ठ्यांना किलोचा भाव आला. अभ्यासक्रमाबाहेरचं पुस्तक असेल तर प्रकाशक चहा पाजतो आणि कवितासंग्रह आहे का विचारतो. हिशेबही ऐकून ठेवा: २०० रुपये किंमत, १० टक्के मानधन, हजार प्रती. झाले वीस हजार, तेही शेवटची प्रत खपली तर. आयएसबीएन क्रमांक दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो. या व्यवहारात फुकट मिळणारी ती एकच वस्तू, माझा सल्ला सोडून.

कीर्तीचं म्हणाल तर मुंबई विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना विचारा. “कुंभोजकर आहे का तुझ्याकडे?” म्हणजे गणिताचं पुस्तक. लेखक एकदा असा सामान्यनाम झाला की ज्ञानपीठाची गरज उरत नाही. गर्व चढू लागलाच तर बदलापुरातच श्याम जोशींनी उभं केलेलं ‘ग्रंथसखा’ वाचनालय आहे. तिथल्या जुन्या, दुर्मीळ मराठी पुस्तकांपुढे दोन मिनिटं उभे राहा. आपलं पुस्तक आपोआप पिशवीत परत जातं.

राहता राहिला स्वामित्वहक्क. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं राहतो. लेथ राहील का, हे कायद्यात लिहिलेलं नाही. शिवाय आमच्या शेजारी उल्हासनगर. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ज्या गावानं स्वतःवर हसत हसत पचवला, त्या गावात माझं पुस्तक मूळ रूपातच खपेल ही अपेक्षा मी ठेवली नव्हती. तरी कॅम्प चारमधला एक आयटीआयचा मुलगा विठ्ठलवाडी स्टेशनवर भेटला, पाया पडला आणि पुस्तक पुढे केलं. पानापानाची झेरॉक्स. सेटरच्या अंगठ्याचा ठसासुद्धा छापून आला होता, कारण त्या तक्त्याचा मूळ कागदच छपाईला गेला होता.

“सही द्या ना, सर.”

मी कपाळाला आठ्या घातल्या.

“ओरिजिनलपेक्षा हे भारी आहे सर,” तो समजुतीच्या सुरात म्हणाला, “स्पायरल आहे. मशीनवर उघडं राहतं.”

दुसऱ्या आवृत्तीसाठी मी प्रकाशकाकडे स्पायरलचा दर विचारला आहे.