जरा हातात घेऊन बघतो

दुकानात शिरल्यावर हे गृहस्थ किंमत विचारत नाहीत. "जरा हातात घेऊन बघतो," म्हणतात आणि दुकानदाराच्या कपाळाला आठी पडते. कारण माउस असतो खोक्यात, खोक्यावर सील, आणि यांना तो चांगला दहा मिनिटं उजव्या तळव्याखाली हवा असतो. चप्पल पायात न घालता कोणी घेतो का, हा त्यांचा सवाल. आता चप्पलवाला निदान बसायला स्टूल तरी देतो.

प्रत्येक ऑफिसात आणि प्रत्येक सोसायटीत असा एक माउसपारखी असतोच. वय पन्नाशीच्या अल्याडपल्याड, मुक्काम डोंबिवली नाहीतर बदलापूर. माउस घ्यायचा तो मात्र लॅमिंग्टन रोडलाच. त्यासाठी दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरायचं आणि डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव फक्त बिलावर वाचायचं. तोच माल घरबसल्या स्वस्तात येतो, हे त्यांना कोणी सांगायला नको. "फोटो बघून माउस घेणारा माणूस काय, फोटो बघून काहीही घेईल," असं म्हणून ते तो विषय मिटवतात.

त्यांच्या लेखी मनुष्यजातीचे तीन वर्ग आहेत. अख्खा हात माउसवर पसरून बसणारे तळवेवाले, बोटं वाकवून धरणारे पंजेवाले आणि नुसत्या बोटांच्या टोकांनी ढकलणारे चिमटीवाले. नवे साहेब बदली होऊन आले की बाकीचे त्यांचं गाव विचारतात, हे त्यांची पकड बघतात. "चिमटीवाला आहे. फाइल फार वेळ हातात ठेवणार नाही." स्वतः तळवेवाले. मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात एकोणीस सेंटिमीटर, हे त्यांनी पट्टीने मोजून ठेवलंय. लॅपटॉपच्या बॅगेत मावावा म्हणून केलेला चपटा, चिमुकला माउस कोणी वापरताना दिसला की ते कळवळतात.

यातली खरी पंचाईत अशी, की त्यांचं बहुतेक बरोबर असतं. माउस हाताच्या मापाचा हवा, मनगट टेबलावर दाबून नुसतं तेवढंच डावी-उजवीकडे वळवू नये, कोपरापासून हात हलावा, टेबल फार उंच नसावं. यात चूक काय काढणार? पण ते हे सांगतात जेवणाच्या सुट्टीत, तुमचा हात पोळीच्या तुकड्याकडे निघालेला असताना, आणि तोच हात धरून.

खोक्यावरच्या आकड्यांना ते भुलत नाहीत. "सोळा हजार डीपीआय" असं वाचलं की त्यांना हसू फुटतं. मग हिशेब. साधा पडदा १९२० ठिपके रुंद. १६०० डीपीआयला माउस सव्वा इंच सरकला की बाण या टोकाचा त्या टोकाला. सोळा हजारावर तेच अंतर तीन मिलिमीटरचं. "म्हणजे शिंक आली की बाण पडद्याबाहेर!" दुकानातला पोरगा मान डोलावतो, पुढचं खोकं काढतो. त्यावर वायरलेस. वायरलेसबद्दल त्यांचं मत असं, की त्याचा तो नखाएवढा रिसीव्हर संगणकाच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या, खाचेला चिकटून ठेवू नये, तिथून २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट होतो आणि बाण अडखळतो. हेही खरंच आहे. म्हणून त्यांनी घरी रिसीव्हर एका लांब वायरच्या टोकाला लावलाय. वायर नको म्हणून घेतलेल्या माउसला आता हातभर वायर आहे.

इतिहासही त्यांना मुखोद्गत. १९६४ साली कॅलिफोर्नियात डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी पहिला माउस बनवला, तो लाकडी ठोकळ्याचा. खाली काटकोनात दोन चाकं, वर एकच बटण. १९७० साली पेटंट मिळालं, पण एंगलबार्टना रॉयल्टी म्हणून काहीही हाती लागलं नाही. हे सांगताना त्यांचा आवाज दाटून येतो आणि लगेच पुढचं वाक्य येतं, "पण काय हो, अंगठ्याला जागाच ठेवली नव्हती त्यात!" १९९६ साली मायक्रोसॉफ्टने इंटेलिमाउसला चाक बसवलं, ते त्यांना मान्य. अ‍ॅपलने २०१५ साली चार्जिंगची खाच माउसच्या पोटाखाली दिली, म्हणजे चार्ज होताना माउस उताणा. त्यावर ते काहीच बोलत नाहीत. नुसते खिडकीबाहेर बघतात.

जीव मात्र अडकलाय बॉलच्या माउसमध्ये. चपला बाहेर काढून एसी लॅबमध्ये शिरायचं, माउस उलटा करायचा, झाकण फिरवायचं, रबरी बॉल तळहातावर घ्यायचा आणि आतल्या रुळांवर बसलेली मळाची काळी पट्टी नखाने खरवडायची. ती अख्खी सोलून निघाल्यावर जो आनंद व्हायचा, तो पुढे पगारवाढीनेही झाला नाही म्हणतात. मग दिव्याचे माउस आले आणि त्यांच्या काचेच्या टेबलावर बाण भरकटू लागला. काचेखाली बालाजी, रेल्वेचं टाइमटेबल आणि फोन नंबरांची यादी. त्यांनी काच हलवली नाही. वर 'कालनिर्णय'चा जुना महिना ठेवला.

सध्याचा माउस त्यांनी तीन शनिवार घालवून निवडला होता. बटणाखाली ओमरॉनचा स्विच, दोन कोटी क्लिकची हमी. दिवसाला पाच हजार धरले तरी चार हजार दिवस, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षं. सेवानिवृत्तीपर्यंतची सोय झाली. दुसऱ्याच वर्षी एका क्लिकला दोन क्लिक होऊ लागले. आतली पत्र्याची इवलीशी पट्टी झिजते, दाबल्यावर थरथरते, आणि संगणकाला वाटतं दोनदा दाबलं. इतर कोणीही वॉरंटीत बदलून घेतला असता. यांनी तळाचे गुळगुळीत तुकडे नखाने उचलले, त्याखाली दडलेले स्क्रू काढले, लॅमिंग्टन रोडवरून तसलाच स्विच आणला आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर डाख दिला. वहिनींनी त्या रात्री सोसायटीचा हिशेब लॅपटॉपच्या टचपॅडवर बोट फिरवून पुरा केला. त्यावर यांचा अभिप्राय, "होतं काम, पण त्याला काही अर्थ नाही."

माउस दुरुस्त झाला तरी ग्रँट रोडच्या फेऱ्या थांबलेल्या नाहीत. नवीन काय आलंय ते बघायला नको? पूर्वी दुकानदार तोंड फिरवायचा. आता त्याने काउंटरच्या टोकाला सील फोडलेले पाच-सहा नमुने मांडून ठेवलेत आणि समोर स्टूलही आलंय. गृहस्थ तिथे बसतात. बाजूला एखादा कॉलेजचा मुलगा गोंधळून उभा असला की त्याचा हात मागतात, पट्टी काढतात, "तू पंजेवाला," असं निदान करतात आणि नेमका माउस पुढे सरकवतात. मुलगा घेऊन जातो. मग एक बँकेतल्या बाई, मग एक डावखुरा आर्किटेक्ट. डावखुऱ्यांवर कंपन्या कसा अन्याय करतात हे ऐकून तो गहिवरतो आणि दोन घेतो.

यांनी स्वतः काहीच घेतलेलं नसतं. निघताना दुकानदार चहा पाजतो आणि हळूच म्हणतो, "अंकल, अगले शनिवार थोड़ा जल्दी आना. चार बजे के बाद मैं अकेला पड़ जाता हूँ."