खापरपणजोबांचा सुळसुळाट

अहो, ऐकलंत का? आमच्या सोसायटीत आता कुणाची सून कुणाशी भांडली, यात कुणालाच रस उरलेला नाही. जो तो दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसांच्या मागे लागलाय! निवृत्त मंडळी सकाळी पेपर सोडून वंशावळ वाचतात. आणि मोठ्याने वाचतात, हे जास्त वाईट.

बरं, एकाचाही पूर्वज साधा निघेल तर शपथ. सगळे पानिपतावर! 1761 च्या लढाईत सदाशिवरावभाऊंबरोबर लढले नसतील एवढे वीर आमच्या एका विंगेतून निघालेत. घोड्यांना खरारा करणारे, हिशेब लिहिणारे, तंबू ठोकणारे, यांचे वंश बहुधा बुडाले.

आडनावाचा तोरा तर विचारूच नका. पेशवेच घ्या ना! हे मूळचे श्रीवर्धनचे भट. 1713 मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं आणि हुद्दाच आडनाव होऊन बसला. नाना फडणवीस? बाळाजी जनार्दन भानू, घराणं वेळासचं. म्हणजे नोकरी लागली की आडनाव बदललं! उद्या आमच्या शेजाऱ्यांनी दारावर ‘शाखाधिकारी’ अशी पाटी लावली, तर चालेल का हो?

त्यापेक्षा होळकर सरळ. नीरेकाठचं होळ गाव, म्हणून होळकर. पण ‘कर’ दिसला की नातं जोडायला धावू नका हं. रोहेकर, पेणकर, किहीमचे केहीमकर हे कोकणातले बेने इस्राएली ज्यूही असू शकतात. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. तुम्ही कुलदैवत विचारायला जाल आणि ते त्यांचा सिनेगॉग दाखवतील.

खरी पंचाईत त्र्यंबकेश्वरला. तिथले तीर्थोपाध्याय आडनाव आणि मूळ गाव विचारतात, जुनी वही काढतात आणि पणजोबांची मोडीतली सही बोटाखाली धरतात. छाती फुगते. तोवर पुढची ओळ वाचली जाते, आणि पणजोबांची दुसरी बायको बाहेर येते, जिचं नाव घरात कुणी कधी काढलंच नव्हतं! मग परतीच्या गाडीत सगळे गप्प.

पुण्याच्या पेशवे दप्तरातही तेच. तलवार सापडेल म्हणून मोडी वाचणाऱ्याला पैसे मोजून कागदांचा रुमाल सोडवावा, तर आत वतनाचा तंटा, भाऊबंदांच्या फिर्यादी आणि सावकाराचं थकलेलं कर्ज. बांधाचं भांडण इतकं ओळखीचं, की कागद कालचा वाटावा.

तेव्हा ज्यांच्या रुमालात कर्ज आणि भांडण सापडलं, त्यांनी खुशाल पेढे वाटावेत. त्यांचा पूर्वज खरा आहे. पानिपतवाल्यांनी मात्र कागद हातात असल्याशिवाय आमच्याकडे चहाला येऊ नये.