ॲडजस्टराव

बंगळुरूत के. आर. पुरमच्या झुलत्या पुलाजवळ सकाळी बस थांबली की आधी एक सॅक आत येते, मग एक कोपर आणि त्यामागून ॲडजस्टराव. गाव सांगलीकडचं, नोकरी व्हाइटफील्डला, मुक्काम टिन फॅक्टरीजवळच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. कन्नड येतं तीन शब्दांपुरतं : 'स्वल्प ॲडजस्ट माडी', म्हणजे 'जरा ॲडजस्ट करा.' एवढ्या भांडवलावर ते दोघांच्या सीटवर तिसरे होऊन बसतात आणि पुढच्या सिग्नलपर्यंत खिडकीही पटकावतात.

साहेबाच्या इंग्रजीत खुर्ची ॲडजस्ट करतात, आरसा करतात, घड्याळ करतात. काय करायचं ते बहुतेकदा सांगावं लागतं. आपल्याकडे ती भानगडच नाही. ऐकणाऱ्यानं मुकाट्यानं आपलं अंग चोरायचं. गंमत म्हणजे कोशकार या क्रियापदाचं मूळ लॅटिन 'जुक्स्ता'पर्यंत नेतात, म्हणजे 'जवळ'. इंग्रजीत येईतो त्याला मोजूनमापून बसवण्याचा टापटीप अर्थ चिकटला. बंगळुरूच्या बसनं तो उतरवून ठेवला.

रावांना खरा बहर आला 2023 मध्ये. मार्चच्या 25 तारखेला के. आर. पुरम ते व्हाइटफील्ड मेट्रो सुरू झाली, पण बैयप्पनहळ्ळी ते के. आर. पुरम हा मधला जेमतेम दोन किलोमीटरचा तुकडा राहून गेला. एका मेट्रोतून उतरा, फीडर बस धरा, दुसऱ्या मेट्रोत चढा. 9 ऑक्टोबरला तुकडा जोडला जाईपर्यंत शहरानं ॲडजस्ट केलं. तो तुकडा रावांच्या वाटेत नव्हताच, तरी ते ऑफिसला रोज अर्धा तास उशिरा जात आणि साहेबाला म्हणत, 'सर, टायमिंग थोडं ॲडजस्ट करा.'

त्यांच्या तोंडी हे क्रियापद नेहमी आज्ञार्थीच असतं. 'मी ॲडजस्ट करतो' असं त्यांना म्हणताना कुणी ऐकलेलं नाही. बंगळुरूत घरमालकांनी दहा-दहा महिन्यांचं डिपॉझिट घ्यायची जुनी रीत. त्यामुळे फ्लॅट सोडताना शेवटचे दोन महिने राव भाडंच देत नाहीत. 'डिपॉझिटमध्ये ॲडजस्ट करा!' मालक रंगकामाचे पैसे त्यातच ॲडजस्ट करतो, तेव्हा मात्र रावांना ती उघड लूट वाटते.

सध्या लग्नाचं बघताहेत. पूर्वी स्थळांच्या जाहिरातीत 'मनमिळाऊ' लिहीत. रावांनी 'ॲडजस्टिंग नेचरची' लिहिलंय. परवा एक मुलगी पसंत पडली. तिची नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत, म्हणजे अख्खा रिंग रोड तुडवून सिल्क बोर्ड चौकाच्याही पलीकडे. तिनं सरळ विचारलं, 'लग्नानंतर तिकडे राहायला याल?'

'छे, छे,' राव म्हणाले, 'तेवढं काही ॲडजस्ट होणार नाही.'

स्थळ अजून मोकळं आहे. इच्छुकांनी संध्याकाळी टिन फॅक्टरीच्या स्टॉपवर चौकशी करावी. आणि बसनं जाणार असाल, तर आपली सीट घट्ट धरून ठेवा.