साहेब, पट्टा कुठाय?

ई-चलनासोबत फोटो येतो, ही मोठी सोय झाली. पूर्वी शिट्टी मारून बाजूला घेणारा हवालदार म्हणेल तो गुन्हा असायचा. आता सगळं पुराव्यानिशी. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना परवा असाच पुरावा आला. गुन्हा : स्टॉप लाइन ओलांडणे. दंड : ५०० रुपये. फोटोत काकांची जुनी स्कूटर आहे, डोक्यावर हेल्मेट आहे, समोर लाल सिग्नल आहे. स्टॉप लाइन तेवढी नाही.

पुसट झाली आहे असं म्हणत नाही मी. नाहीच आहे. काकांनी फोटो मोठा करून पाहिला, नातवाने आणखी मोठा करून पाहिला. पुढच्या चाकापुढे डांबर, मागे डांबर, मधे गेल्या पावसाळ्यातलं पॅचवर्क आणि त्यातून सुटलेली खडी. अख्ख्या फोटोत पांढरं म्हणावं असं एकच होतं, काकांच्या पिशवीतून डोकावणारा मुळा.

काका सरळमार्गी माणूस. नोकरी हिशेबात गेलेली, त्यामुळे पाचशे रुपयांपेक्षा ताळा जुळत नाही याचा त्रास जास्त. चलन छापून घेतलं, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं आणि चौकीवर गेले.

"साहेब, यात पट्टा कुठाय?"

"काका, पट्टा असतो."

"असतो हो, पण आहे कुठे?"

"सिग्नल आहे ना? मग सिग्नलला पट्टा असतोच."

"मी रोज जातो तिथनं. नाहीये."

"तुम्हाला दिसला नसेल. कॅमेऱ्याला दिसला."

हवालदार खोटं बोलत नव्हता. असले कॅमेरे बसवतात तेव्हा कंट्रोल रूममध्ये कुणीतरी पडद्यावर माउसने एक रेघ ओढून ठेवतो. सिग्नल लाल असताना चाक त्या रेघेपलीकडे गेलं की फोटो निघतो. म्हणजे पट्टा आहे. वातानुकूलित खोलीत, संगणकात, सरळसोट, एकसारख्या जाडीचा, बारा महिने चोवीस तास ताजा. त्याच्यावरून ट्रक जात नाही, त्याला पाऊस लागत नाही, त्याच्याखालून कुणाची पाइपलाइन जात नाही. शहरातला हा एकमेव पट्टा असेल ज्याची निगा वेळच्या वेळी राखली जाते. रस्त्यावरच्या माणसाला तो दिसत नाही, एवढीच काय ती त्रुटी.

रस्त्यावरच्या पट्ट्याची कहाणी वेगळी. निविदेतला पट्टा फार देखणा असतो : भट्टीत वितळवलेला थर्मोप्लास्टिक रंग, रात्री हेडलाइट पडला की चमकावा म्हणून त्यात काचेचे बारीक मणी, आणि अडीच मिलिमीटरचा थर. प्रत्यक्षात रात्री अकरा वाजता दोन पोरं, एक ढकलगाडी आणि गॅसची शेगडी येते. आधी रस्ता झाडायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि सांगितलं असलं तरी झाडू कुणी दिलेला नसतो. मग धुळीवरून पट्टा, वाळक्या पानावरून पट्टा, गुटख्याच्या पुडीवरून पट्टा. आमच्या चौकात एकदा चपलेवरून पट्टा गेला होता. उजव्या पायाची, अंगठा तुटलेली रबरी चप्पल. अर्धी निळी, अर्धी पांढरी, आणि कडेला ते काचेचे मणी चिकटून रात्री झगमगायची. बाकीचा पट्टा पंधरवड्यात धुळीबरोबर उडून गेला, पण चपलेवरचा टिकला, कारण रबरावर रंग चांगला धरतो. पुढे बरेच दिवस ती चप्पल हीच आमची स्टॉप लाइन होती. लोक तिच्यामागे शिस्तीत थांबत. नवखा कुणी पुढे गेला तर मागचे हॉर्न मारून त्याला चप्पल दाखवत. मग पाणीपुरवठ्याचे लोक खणायला आले, त्यांच्यामागून गॅसवाले आले, गॅसवाल्यांनी बुजवलेलं इंटरनेटच्या केबलवाल्यांनी उकरलं, आणि या धामधुमीत चप्पल गेली. तेव्हापासून त्या चौकात कायद्याचं राज्य फक्त कंट्रोल रूममध्ये आहे.

हा विनोद इथवर ठीक होता. पण काका पडले हिशेबी, त्यांनी मोटार वाहन कायदाच काढून वाचायला घेतला. २०१९ साली संसदेने त्यात दुरुस्ती केली आणि डिसेंबर २०२१ पासून आपल्या राज्यात वाढीव दंड सुरू झाले, हे सगळ्यांना खिशामुळे माहीत आहे. किरकोळ गुन्ह्याला पहिल्यांदा ५००, पुन्हा केलात तर १५००. काका त्या चौकातून रोज दोनदा जातात. नसलेली रेघ रोज दोनदा ओलांडतात. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, एकही दिवस उशिरा वीजबिल न भरलेला हा माणूस सराईत गुन्हेगार होण्याच्या मार्गावर आहे. शिवाय कलम २१०-अ आहे. त्यानुसार राज्य सरकारला वाटलं तर ठरलेल्या दंडाला एकपासून दहापर्यंत कुठल्याही आकड्याने गुणता येतं. भागायची तरतूद नाही.

त्याच्या शेजारीच २१०-ब आहे. कायदा राबवणाऱ्यांनीच तो मोडला तर त्यांना दुप्पट दंड, असं त्यात लिहिलंय. नो एंट्रीतून येणाऱ्या सरकारी जीपला कुणी दुप्पट पावती फाडून दिलेली तुम्ही पाहिली असेल तर कळवा. मी हार घेऊन येतो.

मग काका न्याय संहितेकडे वळले. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधान जाऊन ती आली. कलमांचे आकडे बदलले, ते अजून पोलीस ठाण्यातही सगळ्यांच्या तोंडी बसलेले नाहीत, पण रकमा मात्र नीट बदलल्या आहेत. सार्वजनिक रस्त्यावर कुणाला धोका, अडथळा किंवा इजा होईल असं काही केलंत, तर जुन्या २८३ कलमात दोनशे रुपयांपर्यंत दंड होता. नव्या २८५ मध्ये पाच हजारांपर्यंत आहे. हातगाडीवाला, टपरीवाला, पायरी रस्त्यात आलेला दुकानदार, सगळ्यांना लागू. पण काकांना वेगळीच ओळ सापडली. नुसतं काही केलं तरच गुन्हा असं नाही. आपल्या ताब्यातल्या किंवा देखरेखीखालच्या मालमत्तेची नीट व्यवस्था न ठेवल्यामुळे रस्त्यावर कुणाला धोका झाला, तरी हेच कलम. काका थांबले. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. आता मला सांगा, रस्ता कुणाच्या देखरेखीखाली असतो? खड्डा कुणाच्या ताब्यात असतो? उघडं गटार कुणाच्या मालकीचं?

काका फोल्डर घेऊन पुन्हा चौकीवर गेले आणि रस्त्याविरुद्ध फिर्याद घ्या म्हणाले. हवालदाराने त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली. "काका, ऊन फार आहे. घरी जा." चूक त्याची नाही. सरकारी माणसाने कामाच्या नावाखाली केलेल्या गोष्टीबद्दल न्यायालयाने दखल घ्यायची, तर आधी सरकारची परवानगी लागते. ते कलम फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यातही शाबूत आहे. फक्त आकडा बदलला, १९७ चा २१८ झाला.

आता हसण्यासारखं नाही ते सांगतो. रस्त्याची आखणी, बांधणी, निगा यांत हयगय करणाऱ्यांसाठी मोटार वाहन कायद्यात कलम आहे. १९८-अ. अधिकारी आला, कंत्राटदार आला, सल्लागार आला. कुणालाही वाटेल, चला, समोरच्या पारड्यातही काहीतरी टाकलं. पण ते कलम लागू कधी होतं? त्या हयगयीमुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं तर. काकांचं चाक हातभर पुढे गेलं की गुन्हा पुरा झाला, कुणाला खरचटायचीही गरज नाही. रस्त्याच्या मालकाचा गुन्हा मात्र कुणी अपंग झाल्याखेरीज किंवा मुडदा पडल्याखेरीज सुरूच होत नाही. आणि पडला तर? दंड, जास्तीत जास्त एक लाख रुपये. कैद नाही. तो लाखही मेलेल्याच्या घरी जात नाही, कायद्यातल्या अपघात निधीत जमा होतो. आणि याला २१०-अ चा गुणाकार लावल्याचं मी ऐकलेलं नाही. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. सगळी खड्ड्यांनी मेली नाहीत, हे मान्य. पण खड्डा चुकवताना मागच्या डंपरखाली गेलेल्या पोराच्या पंचनाम्यात काय येतं? 'चालकाचे नियंत्रण सुटले.' रस्त्याचं नियंत्रण कधी सुटलं, कुणाच्या सहीने सुटलं, बिल कुणी काढलं, यातलं एक अक्षर नाही. डांबर दीड पावसाळा टिकत नाही आणि कंत्राटदार पुन्हा त्याच रस्त्याच्या निविदेला हजर असतो, याला कुठलं कलम? त्याच्या पॅचवर्कचा फोटो तारीख-वेळेसह त्याच्या मोबाइलवर आपोआप का जात नाही? कॅमेरा आहे, खांब आहे, वीज आहे. फक्त तोंड त्याच्याकडे नाही.

बरं, गाडी ओळखू यावी म्हणून आम्ही कमी खर्च केला आहे का? १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी नंबरप्लेट सक्तीची झाली. स्कूटरला जीएसटी धरून ५३१ रुपये. काकांनी पहिल्याच मुदतीत बसवली, ३१ मार्च २०२५ च्या आत. ज्यांनी बसवली नाही त्यांना ३० जून मिळाली, मग १५ ऑगस्ट, मग ३० नोव्हेंबर. वेळेवर वागणाऱ्याची आपल्याकडे अशी कदर होते, आणि काकांना त्याचं बक्षीसही मिळालं : चलनाच्या फोटोत दुसरं काही दिसो न दिसो, नंबर लख्ख आला आहे.

तेव्हा वाचकहो, एक करा. पुढच्या सिग्नलला खाली बघा. पट्टा नसेल तर गाडी बाजूला लावून फोटो काढा. गाडीवर बसून काढू नका, मोबाइलचं चलन वेगळं आहे. फुटपाथवर उभं राहून काढा. फुटपाथ नसेल तर त्याचाही काढा. चलन आलंच तर तारीख बघा, २०२१ च्या नियमांनी ते गुन्ह्यापासून पंधरा दिवसांत पाठवायला आणि कॅमेऱ्याआधी सूचनेचा फलक लावायला सांगितलं आहे. फलक नसेल तर तसं लिहा. लोकअदालतीत तडजोड होईल म्हणून गप्प बसू नका, हरकत नोंदवा. आणि पालिकेला जो अर्ज कराल त्यात १९८-अ हे कलम ठळक लिहा. निदान ते काय आहे हे बघायला कुणालातरी पुस्तक उघडावं लागेल.