पनवेलकरांनी माल्टा कसा पाहावा

माल्टाला जाण्याची पहिली पूर्वतयारी म्हणजे घारापुरी पाहिलेली नसणे. पाहिली असली की तुलना सुचते, आणि तुलना सुचली की विमानाच्या तिकिटाचे पैसे टोचू लागतात. पनवेलकराला ही अट जड नाही. शेजारच्या उरण तालुक्यातले हे बेट ‘कधीही जाता येईल’ या सबबीवर पिढ्यान्‌पिढ्या राहून गेले आहे. माल्टाला शेंगेन व्हिसा लागतो, बँकेची स्टेटमेंटे लागतात, साहेबांचे ना-हरकत पत्र लागते. ज्या बेटासाठी एवढी कागदपत्रे जोडावी लागतात ते ऐतिहासिक; होडीच्या तिकिटावर भागते तो पिकनिक स्पॉट.

कोणी म्हणेल, माल्टातली दगडी मंदिरे पाच हजार वर्षांहून जुनी, घारापुरीची लेणी फार तर सहाव्या शतकातली. मान्य. पण वयच मोजायचे तर राजधानी वॅलेटा पहिल्या फटक्यात बाद होते. १५६५ चा तुर्की वेढा उठल्यावर वसवलेले ते शहर आपल्या त्रिमूर्तीहून हजारेक वर्षांनी धाकटे. तोफा दोन्हीकडे आहेत. समुद्राखालून वीजही दोन्हीकडे येते: माल्टाला सिसिलीहून २०१५ मध्ये, घारापुरीला २०१८ मध्ये. फरक एवढाच की घारापुरीकर तोवर संध्याकाळच्या जनरेटरवर दिवस काढत होते. आणि ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ नाव ठेवले, तो सध्या भायखळ्याला राणीच्या बागेत उभा असतो. म्हणजे घारापुरी टाळूनही निम्मी घारापुरी पाहता येते!

दुसरा आक्षेप शिस्तीचा. माल्टातल्या हायपोजियम या भुयारी दफनभूमीत दिवसाला जेमतेम ८० माणसे सोडतात, तिकीट कितीतरी आधी काढावे लागते. खरे आहे, आणि आपला माणूस तिथे आवाज न करता फिरतो. वॅलेटात चित्रकार काराव्हाजोच्या चित्रापुढे हात मागे बांधून उभा राहतो, पाटी शेवटपर्यंत वाचतो. तोच घारापुरीला सुमारे वीस फुटी त्रिमूर्तीकडे पाठ करून फोटो काढतो आणि पायऱ्यांवर कणीस खात परततो. तिथे लक्षपूर्वक वागते ते माकड: हातातली थंड पेयाची बाटली हिसकावून कठड्यावर बसते आणि बूच फिरवून उघडते. तेव्हा शिस्त बेटात नसून तिकिटाच्या किमतीत आहे, हे उघड आहे. घारापुरीचे तिकीट युरोत लावले तर त्रिमूर्तीसमोरही कुजबुज सुरू होईल.

एवढे सांगूनही घरात कोणी हट्ट धरलाच, तर महाशिवरात्र टाळावी. तेव्हा मोरा-न्हाव्याहून भाविकांच्या होड्या सुटतात आणि सबब उरत नाही. लेणी सोमवारी बंद असतात. बेत सोमवारचाच आखावा.