टकटक

लकडगंजात वाढलेला माणूस ओळखायचा असेल तर त्याला घरी चहाला बोलवा. तो बेल वाजवणार नाही. दारावर बोटाच्या पेरानं दोनदा टकटक करील, आणि तुम्ही दार उघडल्यावर तुमच्याकडे न पाहता दाराकडे पाहील. मग शेजारी कोणी वारल्याची बातमी सांगावी तशा आवाजात "फ्लश डोअर आहे" म्हणेल आणि चपला काढेल.

आम्ही याला घनफूट काकाजी म्हणतो. नागपुरात असे काकाजी पुष्कळ आहेत. वय सत्तरीच्या पुढे, मुक्काम मुलाकडे मनीषनगरला नाही तर बेसा रोडला सहाव्या माळ्यावर, आणि जीव मात्र लकडगंजातल्या आरा मशीनपाशी. स्वतःसाठी मुलगी पाहायला भंडाऱ्याला गेले होते तेव्हाही पोह्यांची बशी बाजूला ठेवून आधी चौकट वाजवून पाहिली. "बिजा आहे. घर चांगलं आहे." मुलीकडे पाहायचं राहूनच गेलं. काकू अजून सांगतात, "यांनी लग्न चौकटीशी केलं. मी सोबत आली."

साठीच्या दशकातलं लकडगंज काकाजी डोळे मिटून सांगतात. चांद्याहून, आलापल्लीहून ट्रक येत. (चंद्रपूर हा शब्द त्यांच्या तोंडी अजून बसलेला नाही.) ओंडक्यांचे ढीग घरांपेक्षा उंच. साग, बिजा, ऐन, हळदू. पोट्टे त्यावर लपाछपी खेळत आणि कोण कुठं लपलंय ते अंगाच्या वासावरून कळे. सागाचा वास वेगळा, ऐनाचा वेगळा. हे सांगताना काकाजी नाकानं श्वास ओढतात आणि समोरच्याला खोकला येतो.

पाढे त्यांचे सतराच्या पुढे कधी गेले नाहीत, पण ओंडक्याचं माप तोंडपाठ. गोलाईचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग, त्याला लांबीनं गुणायचं. अठ्ठेचाळीस इंच गोलाई आणि दहा फूट लांबी म्हणजे झाले बरोबर दहा घनफूट. या पद्धतीत खऱ्या लाकडाचा एक पंचमांशाहून जास्त भाग हिशेबातच येत नाही. साल आणि छिलपे यांत जाणार म्हणून तो सोडलेला असतो. माझी खात्री आहे, की लाकडाच्या मापात जे सुटायचं ते सगळं काकाजींनी आठवणींच्या मापात भरून घेतलं.

एम्प्रेस मिलचंच पाहा. ही मिल टाटांनी 1877 साली सुरू केली, ते खरं. तिच्या भोंग्यावर अख्खं लकडगंज घड्याळं लावायचं, असं काकाजी सांगतात. अहो, पण चहूकडे आरे करकरत असताना भोंगा ऐकू कसा आला? "कान होते आमचे!" राजधानीचंही तसंच. 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूरची राजधानी गेली तेव्हा काकाजी चार वर्षांचे होते, पण दुःख असं सांगतात की जणू सचिवालयाची चावी त्यांच्याच चड्डीच्या खिशातून कोणी काढून नेली.

त्यांचा खरा मोसम म्हणजे तान्हा पोळा. सकाळी काळी आणि पिवळी मारबत पाहून यायची, संध्याकाळी चाकांवरचा लाकडी नंदी ओढत घरोघरी बोजारा मागायला निघायचं. बाकी नागपूरचे पोट्टे विकतचा नंदी आणत. काकाजींचा नंदी मशीनवरच्या सागाच्या तुकड्यातून मिस्त्रीनं कोरलेला. सुरुवातीला मी हा नंदी वीतभर ऐकला होता. मागच्या पोळ्याला तो कमरेएवढा झाला होता आणि त्याला ओढायला दोन मित्र लागत होते. बोजारा मात्र अजून पाच पैसेच आहे. पैशाच्या बाबतीत काकाजी खोटं बोलत नाहीत.

दर मंगळवारी ते जयप्रकाशनगरला मेट्रोत चढतात, सीताबर्डीला गाडी बदलतात आणि टेलिफोन एक्स्चेंजला उतरतात. मेट्रो त्यांना पसंत नाही. "वाजवून पाहाले काहीच नाही तिच्यात." लकडगंजात उतरून प्लायवूड आणि लॅमिनेटच्या दुकानांवरून मान खाली घालून जातात. एखादा आरा चालू दिसला की तिथं तासभर उभे. मशीनवाला सवयीनं खुर्ची देतो. ते आधी खुर्ची वाजवतात. प्लॅस्टिक. उभेच राहतात.

गेल्या डिसेंबरात थंडी बरीच पडली. काकाजी मंगळवारी गोणीभर भुसा घेऊन मेट्रोच्या दारात गेले. सुरक्षारक्षकानं चढू दिलं नाही, म्हणून ऑटोनं आले. नातवंडांना भुशाची शिगडी दाखवायची होती. पत्र्याचा डबा, खाली बाजूला भोक, मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठोकून ठोकून भरायचा, मग बाटली हलक्या हातानं काढून खालून पेटवायचं. नीट भरली तर दुपारपर्यंत चालते, धूर नाही. लहानपणी हे काम काकाजींचंच होतं.

पण घरभर शोधूनही काचेची बाटली सापडली नाही. सगळ्या पाण्याच्या, प्लॅस्टिकच्या. त्यातली एक लावली. भुसा ठोकायला लागताच ती चेपली, आणि काढताना मधली विहीर ढासळली. काकाजींनी तरीही पेटवलं. "घेते, घेते. दम धरा न बाप्पा!" शिगडीनं धूर घेतला. सहाव्या माळ्याचा धूर सातव्यावर, सातव्याचा आठव्यावर. कोणीतरी ओरडलं, चौकीदार वाळूची बादली घेऊन धावला, नातवानं सगळ्याचा व्हिडिओ काढला.

दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी सोसायटीची सूचना लागली: "गॅलरीत लाकडे जाळण्यास सक्त मनाई आहे." संध्याकाळी मी भेटायला गेलो तेव्हा सूचनेच्या खाली, निळ्या बॉलपेननं, वळणदार अक्षरात एक दुरुस्ती केलेली होती: "लाकडे नव्हती. भुसा होता. सागाचा."